खंडेनवमीचं तेल

मी बोलतेय. दचकू नका, घंटी वाजवणार नाही; मला घंटीच नाही.

मी एक सायकल. त्यातही ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर आणि जंगलातल्या वाटांवर पळायला केलेली. शर्यतीच्या सायकली मला जाडी म्हणतात, डोंगरातल्या दणकट सायकली मला नाजूक म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, टायर रुंद आणि खाचाखाचांचे. दोन्ही घरची, आणि म्हणून दोन्ही घरी थोडी पाहुणीच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. माझे ब्रेक डिस्कचे आहेत. दोन्ही चाकांच्या मधोमध पोलादाची एकेक पातळ चकती आहे, ती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे छोटे पॅड आहेत. ती चकती कोरडी असेल तोवर मी सांगाल तिथे थांबते. कोरडी असेल तोवर.

माझा सांगाडा कुठल्या परदेशी कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. खोक्यात झोपून आले आणि डोळे उघडले ते साताऱ्यात, गुलाबरावांच्या दुकानात. त्यांनी मला जोडलं, उलटी करून चाकं फिरवून पाहिली आणि समोर उभ्या मुलीला म्हणाले, "ताई, गाडी तयार. पण हिला शोभेला ठेवू नका. बसून राहिली की ही कुरकुरते."

ती मुलगी देवयानी. विमा कंपनीत नोकरी, पहिल्या वर्षाच्या पगारातून मला घेतलेलं. माणसांशी ती मोजकं बोलायची. पण बामणोलीच्या बाजूला, कोयनेकाठच्या जंगलात तांबड्या मातीचा चढ लागला की तिचं तोंड उघडायचं. "चल गं. एवढं वळण. आता रडू नकोस." हे मला की स्वतःला, ते मी कधी विचारलं नाही. चढ मात्र संपायचा.

दोन वर्षं अशी गेली. मग मार्चात तिचं लग्न झालं, दिल्लीच्या यशोधनशी. कार्यालयात नवरीच्या सामानात मला पाहून तिची वैजयंतीमावशी म्हणाली, "अगं बाई, ही रुखवतात मांडायची का? चकल्यांच्या शेजारी की शंकरपाळ्यांच्या?" सगळे हसले. देवयानीही हसली, पण तिनं माझ्या सीटवरचा हात काढला नाही.

अशी मी मयूर विहारला आले. सोसायटीच्या इमारतीत तिसरा मजला, बाल्कनी, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या मधली फटीएवढी जागा. वर कपड्यांची दोरी. सासूबाई, म्हणजे प्रभाताई, मनानं मोकळ्या. आठवड्याभरात त्यांनी मला घरात सामावून घेतलं: डाव्या शिंगावर लसणाची जाळी, उजव्यावर ओला नॅपकिन. कबुतरांनीही आपापल्या परीनं स्वागत केलं.

सासरे दीनानाथ, सरकारी खात्यातून निवृत्त. पस्तीस वर्षं दिल्लीत राहूनही मराठी शुद्ध, फक्त दर वाक्याला एक 'अच्छा'. यशोधन मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी उशिरा परत. तो वाईट नाही, दमलेला आहे. देवयानी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून काम करायची. दिवसभरात मला आतून ऐकू यायची ती तिची तीनच उत्तरं. "हो आई." "चालेल." "काही नाही."

मला तर वेड लागायची पाळी आली होती. टायरमधली हवा बसून बसून जुनी झाली की कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. खाली रिक्षा वळायच्या, मेट्रो सुसाटत जायची, भाजीवाल्याचा ठेलासुद्धा कुठे कुठे जाऊन यायचा. आणि मी लसूण सांभाळत होते.

मग जुलैत तिला क्षिप्रा सापडली.

क्षिप्रा फरीदाबादची, चाळिशीची. वडील अमरावतीचे, पण हिचा जन्म इथलाच. त्यामुळे मराठी अस्खलित आणि मधेच खड्डा. ती दर रविवारी सात-आठ जणांना घेऊन अरवलीत जायची. देवयानी पहाटे निघून कालिंदी कुंजवरून फरीदाबाद गाठायची आणि पुढे पाली, मांगरकडचं जंगल. साताऱ्याच्या मानानं टेकड्याच त्या. पण धौच्या झाडांची दाट सावली, मोरांचं ओरडणं, जुन्या खाणींत साठलेलं हिरवं पाणी, आणि दगड-मातीच्या वाटा. विलायती कीकरचे, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे, काटे एवढे की दर रविवारी टायरमध्ये चार-दोन रुतायचे. माझ्या टायरच्या आत दुधासारखं एक औषध भरलेलं असतं. काटा निघाला की भोक आपोआप बुजतं. देवयानीचंही तिथे काहीतरी बुजत होतं.

अकराच्या आत ती परत यायची. बाल्कनीत दीनानाथ पेपर घेऊन उभे. दर रविवारी एकच पान उघडलेलं, आणि नजर फाटकावर.

"आलीस? अच्छा." एवढं बोलून आत. काळजी करायची, पण दाखवायची नाही, ही त्यांची पद्धत.

सप्टेंबरातल्या एका रविवारी चहाच्या टपरीवर क्षिप्रानं जाहीर केलं, "दिवाळीनंतर पाच दिवस. उत्तराखंडात, काठगोदामच्या वर, पूरा जंगल. बांज, देवदार, कच्चे रस्ते. जीपमध्ये नऊ सायकली बसतात, दहावी नाही. दसऱ्याला मला हो की ना सांगा. आणि एक बात लक्षात ठेवा, तिथली ढलान म्हणजे इथल्यासारखी मजाक नाही."

माझ्या स्पोकांतून वारा गेला. देवयानीनं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

घरी सांगायचं कसं? पुढचे तीन आठवडे कपडे वाळत घालताना तिची तालीम चालायची, माझ्यासमोर. "आई, मला जरा विचारायचं होतं." चिमटा. "बाबा, माझा एक ग्रुप आहे ना." चिमटा. "पाचच दिवस." चिमटा. मग ती पदरबिदर सावरल्यासारखा टीशर्ट सारखा करून निर्धारानं आत जायची आणि मला ऐकू यायचं, "आई, भाजी कुठली करू?"

मी मनातल्या मनात डोकं आपटून घ्यायचे.

आणि नवमी आली. खंडेनवमी.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा. दीनानाथांचा हा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. चौरंगावर पक्कड, पेचकस, प्रभाताईंच्या शिलाई मशीनचं चाक, यशोधनच्या गाडीची किल्ली, मिक्सरचं पातं, आणि यंदा देवयानीचा लॅपटॉपसुद्धा, गंध लावलेला. देवयानी तो पूजेला ठेवून ऑफिसच्या बैठकीसाठी नोएडाला गेली होती. दीनानाथ बाल्कनीत आले, लसूण खाली ठेवला, नॅपकिन काढला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"सहा महिने झाले तुला येऊन," ते म्हणाले. कुणी ऐकत नाही असं बघून पुढे म्हणाले, "तुझीही पूजा हवीच. अच्छा, आधी आंघोळ."

खरं सांगते, मला भरून आलं. बादली, जुना बनियन, दात घासायचा ब्रश. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यातली हरियाणाची माती त्यांनी काढली. मग शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली. साखळीला थेंब थेंब सोडला. छान वाटलं. पेडलला सोडला. तेही छान.

मग त्यांची नजर डिस्कवर गेली.

"अरे, ही बिचारी पार कोरडी पडलीय," असं म्हणून त्यांनी बनियनचा बोळा तेलात भिजवला आणि दोन्ही चकत्या पुढून मागून अशा पुसल्या, अशा प्रेमानं पुसल्या, की त्यांत त्यांचा चेहरा दिसायला लागला. लोखंडाला तेल पाजावं, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. एका जुन्या स्कूटरवर अख्खा संसार केलेला माणूस. त्याला डिस्क कुठून माहीत असणार?

मी ओरडत होते. पण मला घंटीसुद्धा नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

संध्याकाळी देवयानी आली तेव्हा मी दिवाणखान्यात चौरंगाशेजारी उभी होते, हळदी-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून. ती दारातच थांबली.

"घरातलं वाहन आहे, बाहेर कसं ठेवणार?" दीनानाथ म्हणाले आणि घाईघाईनं आरतीचं तबक शोधायला लागले.

देवयानीचे डोळे भरले. ती माझ्याजवळ आली, चाक फिरवायला हात पुढे केला, तेवढ्यात प्रभाताई म्हणाल्या, "आज नाही हं. पूजेला लावलं की आज त्याला विश्रांती. उद्या वाजवत ने."

झालं. हात मागे गेला. चाक फिरलं असतं, ब्रेक दाबला असता, तर तिथेच कळलं असतं.

"उद्या दसरा, सीमोल्लंघन," दीनानाथ खुशीत होते. "तुला सुट्टी, यशोला सुट्टी. मीही येतो. दिल्लीची हद्द ओलांडून हरियाणात. बघू तरी तुझं ते जंगल."

त्या घराला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी इतकी घाबरलेलीही कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं काढून मला गाडीच्या मागच्या सीटवर घातलं, दीनानाथांच्या शेजारी. शहरातला एकही सिग्नल माझ्या चाकांनी पाहिला नाही. टपरीपाशी उतरलो; सुट्टी म्हणून क्षिप्राचा ग्रुपही आला होता. चाकं बसली. क्षिप्राचा नियम होता, निघण्याआधी प्रत्येकानं ब्रेक दाबून बघायचा. देवयानीनं दाबला. घट्ट लागला. तो घट्टच लागतो हो; पकड सुटलीय हे चाक वेगात असल्याशिवाय कळत नाही.

"बाबा, तासाभरात इथेच येते," ती म्हणाली.

सुरुवातीला चढच होता. एका वळणावर ब्रेक किंचाळला. "धुतल्यामुळे," ती स्वतःशी म्हणाली. धुतल्यावर डिस्क ओरडतात, हे खरंच आहे. टेकडीच्या माथ्यावर सगळे पाणी प्यायले. खाली झाडांच्या शेंड्यांपलीकडे टपरीचं निळं प्लास्टिक दिसत होतं. पहिले चौघे उतरले. मग आम्ही.

पहिल्या वळणाआधी तिनं ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. बोटं पांढरी होईपर्यंत दाबला. माझे पॅड डिस्कवरून लोणी लावल्यासारखे घसरत होते. खडी उडत होती. समोर वाट अरुंद झाली आणि तिथे एक बाई तीन म्हशी घेऊन चाललेली.

"हटो! हटो!" देवयानी ओरडली. लग्नानंतर तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला मी.

बाई हटली. म्हशी कसल्या हटतात? देवयानीनं मला डावीकडे वळवलं, सरळ कीकरच्या जाळीत. वाळू, काटे, आकाश, वाळू. आम्ही थांबलो.

तिची कोपरं सोलवटली होती, बाहीत काटे भरले होते. माझा मागचा गिअर वाकला होता. बाकी आम्ही दोघी शाबूत. म्हशी रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या.

क्षिप्रा धावत आली. आधी देवयानीचे हातपाय दाबून पाहिले, मग माझ्या डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. आम्हाला हळूहळू खाली टपरीपर्यंत आणलं, आणि तिथे, यशोधन आणि दीनानाथांच्या समोर, तिचा पारा चढला.

"डिस्कला तेल? देवयानी, डिस्कला तेल कुणी लावलं?"

दीनानाथांच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या कोपराकडे.

देवयानीनंही त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच. चुकून लागलं असेल."

"चुकून? दोन्ही चाकांना? दोन्ही साइडनं?" क्षिप्रानं हात पुसले. "सॉरी यार. जिला एवढं पण कळत नाही तिला मी पहाडात नाही नेणार. तिथे कीकर नसतं अडवायला. खाई असते."

दीनानाथांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

मी तुम्हाला सांगते, पडल्याचं मला काही वाटलं नाही. हे लागलं.

परतीच्या वाटेवर गाडीत दीनानाथांनी स्वतःचा रुमाल पाण्यानं भिजवून तिच्या कोपराला धरला होता, थेट मयूर विहारपर्यंत. संध्याकाळी सोनं वाटलं. दिल्लीत आपटा कुठला, इथे कचनारची पानं. तिनं वाकून नमस्कार करून त्यांच्या हातात पान दिलं, तर ते त्यांच्या बोटांतून खाली पडलं.

"पुरे आता ते जंगलबिंगल," प्रभाताई म्हणाल्या. "हात मोडला असता म्हणजे?"

"थोडे दिवस बंद ठेव," यशोधन म्हणाला. "नाहीतर मानेसरला आमचा धवल विचारतच होता सायकलीबद्दल. देऊन टाकू या का?"

दीनानाथ पेपर शोधायला लागले. माझ्या शिंगावर पुन्हा लसूण आला.

चार दिवस. मी भिंतीला टेकून उभी, वाकलेल्या गिअरसकट. देवयानी कपडे वाळत घालायला यायची, पण आता तालीमसुद्धा बंद होती. चिमटे मात्र असे लावायची की दोरी कापावी. तिच्या रागाचा आवाज असा असतो हे मला नव्यानंच कळलं. दीनानाथ बाल्कनीच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. धवल नावाच्या त्या अनोळखी माणसाचा मी अतोनात द्वेष करू लागले.

रविवारी सकाळी देवयानी बाल्कनीत आली. हातात पान्यांची पिशवी, स्पिरिटची बाटली, कापूस. लसूण तिनं आत नेऊन ठेवला. मला उलटी केली, चाकं काढली. मग दाराकडे न बघता म्हणाली, "बाबा, जरा हात लावता?"

ते आले. पाटावर बसले. तिनं एक चकती त्यांच्या हातात दिली.

"स्पिरिटनं पुसायची. कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. पॅड गेले, ते नवे घालावे लागतील. त्यात तेल मुरलं की निघत नाही."

ते पुसत राहिले. पाचवा बोळा काळा झाला, सहावा काळा झाला.

"तेव्हा मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

सातारा सोडल्यापासून प्रत्येक गोष्टीला 'काही नाही' म्हणणारी ही मुलगी. मला वाटलं, आताही तेच म्हणेल.

"हो," देवयानी म्हणाली. "बोलायला हवं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. सातवा बोळा उचलला.

"काय बोलायला हवं होतं?" प्रभाताई दारात, हातात लाटणं. मागे यशोधन, रविवारच्या विस्कटलेल्या केसांत.

दीनानाथ पाटावरून उठले. सरकारी खात्यातला माणूस. उभं राहूनच सांगितलं. "तेल मी लावलं होतं. नवमीला. ब्रेक त्यानंच गेला. ही पडली ती माझ्यामुळे, आणि हिनं सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं, तर मी चहा पीत बसलो."

प्रभाताईंनी लाटणं कमरेवर ठेवलं. "तीस वर्षं सांगतेय, माझ्या मशीनला हात लावू नका म्हणून. त्याचीही अशीच वाट लावली होती. कुणाचं ऐकतील तर शपथ!" मग आवाज उतरवून देवयानीला म्हणाल्या, "आणि तू गं? सांगायचंस ना मला. मी काय खाते का?"

दीनानाथांनी तिथल्या तिथे देवयानीच्या फोनवरून क्षिप्राला फोन लावला. स्पीकरवर, कारण कानाला लावून त्यांना ऐकू येत नाही. सगळं परत सांगितलं, एक शब्द न गाळता.

पलीकडे क्षिप्रानं आधी कुणाला तरी थांबायला सांगितलं.

"अच्छा काका," क्षिप्रा म्हणाली. "तेल तर धुतलं जाईल. पण ती मला खोटं का बोलली? पहाडात कुणाचं काय दुखतंय, काय तुटलंय, ते मला त्याच मिनिटाला कळायला लागतं. चूप बसणारी माणसं मला नकोत. त्यांच्यामुळेच बाकीचे मरतात. तिला फोन द्या."

फोन हातात आला. सगळे बघत होते. चाकांविना मी पाठीवर पडलेली, दोन्ही शिंगं जमिनीला टेकलेली. एवढी अस्वस्थ मी कुठल्या उतारावरही झाले नव्हते.

"मी खोटं बोलले," देवयानी म्हणाली. "परत नाही बोलणार. मला यायचंय."

"कुठे यायचंय?" प्रभाताई आणि यशोधन एकदम.

आणि मग ती बोलली. बांजची झाडं, देवदार, जंगल खात्याचं विश्रामगृह, पाच दिवस, नऊ सायकली, रोज किती चढ, किती उतार. तीन आठवडे चिमट्यांना सांगितलेलं सगळं, आणि त्यावर आणखी बरंच. "विचारत नाहीये आई, सांगतेय. पण तुम्ही हो म्हणालात तर मला बरं वाटेल." फोन चालूच होता. क्षिप्रा ऐकत होती. पोळी करपल्याचा वास येत होता, तरी कुणी हललं नाही.

"थंडी असेल तिकडे," शेवटी प्रभाताई म्हणाल्या.

"धवलला 'नाही' म्हणून सांगतो," यशोधन म्हणाला. "आणि मला का नाही सांगितलंस, हे रात्री भांडू या."

"जागा आहे," फोनमधून क्षिप्रा म्हणाली. "पण सगळ्यात मागे राहशील. आणि दर ढलानआधी तुझे ब्रेक मी स्वतः बघणार."

"बघ," देवयानी म्हणाली.

आता मी हे बोलतेय ते काठगोदामच्या कितीतरी वरून. वाट ओली आहे, बांजच्या पानांची, आणि दिल्लीचा दिवाळीनंतरचा धूर इथे पोचत नाही. आमचा आज तिसरा दिवस, नवे पॅड आणि सरळ केलेला गिअर घेऊन. काल एका उतारावर देवयानीनं सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "माझे हात बधिर झालेत, दहा मिनिटं हवीत." क्षिप्रानं थर्मास काढला.

खरं तर मला उभं राहून बोलायचा कंटाळा आहे. पण एवढं ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर पुढच्या नवमीला माळ घाला, हळदी-कुंकू लावा, साखळीला हवं तेवढं तेल पाजा. फक्त डिस्कला हात लावण्याआधी जिची आहे तिला विचारा. आणि तिनं सांगितलं नाही, तर परत विचारा.

क्षिप्रानं खाली वाकून माझे ब्रेक पाहिले, अंगठा वर केला. समोर देवदारांतून खाली उतरणारी वाट, तिचा शेवट दिसत नाही. देवयानीचा उजवा पाय पेडलवर आला.

"चल गं," ती म्हणतेय.

बरं, येते मी.